पहिली स्टेज रेस: शेवटच्या दिवसापर्यंत टिकायचं कसं

एका दिवसाच्या शर्यतीत जीव तोडून सायकल हाणली आणि फिनिशलाइनपलीकडे आडवं पडलं तरी चालतं. स्टेज रेस म्हणजे अनेक टप्प्यांत (प्रत्येक टप्पा ही एक स्टेज) चालणारी शर्यत, आणि तिथे ते चालत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, कधी कधी तर त्याच दिवशी दुपारी, त्याच पायांनी पुन्हा स्टार्टलाइनवर उभं राहायचं असतं. नवखे स्पर्धक प्रत्येक स्टेज वेगळी शर्यत समजून चालवतात आणि तिथेच त्यांचं गणित बिघडतं. शर्यत एकच असते. माझं ठाम मत आहे की हौशी पातळीवर तिचा निकाल जोरदार अटॅकवर, म्हणजे अचानक वेग वाढवून इतरांपासून निसटण्यावर, क्वचितच लागतो. कोणी किती सेकंद फुकट घालवले, यावर तो लागतो.

सेकंदांना कमी लेखू नका. १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये सुमारे ३,२८५ किलोमीटरनंतर ग्रेग लेमाँड यांनी लॉराँ फिन्याँ यांना अवघ्या ८ सेकंदांनी मागे टाकलं. शेवटच्या दिवशीची साडेचोवीस किलोमीटरची टाइम ट्रायल (एकेकट्याने घड्याळाविरुद्ध चालवायची स्टेज) सुरू झाली तेव्हा फिन्याँ ५० सेकंदांनी पुढे होते, पण बैठकीच्या जागी झालेल्या फोडामुळे त्यांना सॅडलवर बसणंही जड जात होतं. २०२४ च्या महिलांच्या टूरमध्ये कासिया नेवियादोमा यांनी डेमी फोलरिंग यांना ४ सेकंदांनी हरवलं. पाचव्या स्टेजला पडल्यामुळे फोलरिंग यांचा मिनिटाहून जास्त वेळ गेला होता. फोड येणं, पडणं, अशा गोष्टी व्यावसायिकांनाही इतक्या महाग पडतात, तर आपल्याला किती पडतील याचा विचार करा.

नाव देण्याआधी नियमपत्रक वाचा

पहिली गोष्ट शोधायची ती ही, की एकूण वर्गवारी वेळेवर आहे की गुणांवर. वेळेवर असेल तर एखाद्या दिवशी चाळिसावे आलात तरी बिघडत नाही, बंचसोबत, म्हणजे एकत्र चालणाऱ्या मोठ्या घोळक्यासोबत, पोहोचलात की झालं. गुणांवर असेल तर रोजचा क्रमांक मोजला जातो. मग बंच स्प्रिंटमधल्या बाराव्या जागेलाही किंमत येते. उलट एखाद्या दिवशी पाच मिनिटं मागे पडलात तरी नुकसान ठरावीक गुणांचंच होतं. या दोन प्रकारांत शर्यत चालवण्याची रीत पूर्ण वेगळी आहे, म्हणून हे सगळ्यात आधी.

वेळेच्या शर्यतीत सलग आलेल्या बंचमधल्या सगळ्यांना एकच वेळ मिळतो. मध्ये फट पडली की मागच्यांचं घड्याळ वेगळं. किती फट म्हणजे वेगळा गट, हे पत्रकात असतं. शेवटच्या काही किलोमीटरमध्ये, बहुतेक ठिकाणी ३ किलोमीटरमध्ये, पंक्चर झालं किंवा पडलात तर ज्या गटात होतात त्या गटाचाच वेळ मिळतो, पण हा नियम चढावर संपणाऱ्या स्टेजला सहसा लागू नसतो. पहिल्या तिघांना बोनस सेकंद (एकूण वेळेतून वजा होणारे) असतील, तर मोठ्या शर्यतींत ते १०, ६ आणि ४ असतात. अशा ठिकाणी स्प्रिंटर एकूण वर्गवारीत अचानक वर सरकताना दिसतात.

टाइम कटही बघून ठेवा. विजेत्याच्या वेळेच्या २० टक्के जास्त अशी मर्यादा असेल आणि विजेत्याला अडीच तास लागले, तर तुम्हाला तीन तासांच्या आत पोहोचावं लागेल. त्यापेक्षा उशीर झाला तर उरलेली शर्यत बंद. आणखी एक: रस्ता वाहतुकीला पूर्ण बंद नसेल तर मधली रेषा ओलांडणाऱ्याला थेट बाद करतात. पुढे सरकायला डावी-उजवीकडे जागा नाही म्हणून रेषेपलीकडून जाणारे प्रत्येक शर्यतीत दिसतात. तुम्ही जाऊ नका. बाद होण्यापेक्षा ते जिवावर बेतू शकतं हे जास्त महत्त्वाचं.

सलग दिवसांचा सराव

आठवड्यातून तीनदा चांगला सराव करणारा माणूसही तिसऱ्या दिवशी कोसळतो, कारण थकलेल्या पायांनी जोर लावायची त्याच्या शरीराला सवयच नसते. शर्यतीच्या आधीच्या दोन महिन्यांत दोन-तीन वेळा सलग तीन दिवस सायकल चालवा. पहिल्या दिवशी छोटे, तीव्र इंटरव्हल (मध्ये विश्रांती घेत जोराचे तुकडे), दुसऱ्या दिवशी लांब राइड आणि मध्ये चढ, तिसऱ्या दिवशी मध्यम अंतर आणि शेवटी थोडा वेळ शर्यतीचा वेग. या तिसऱ्या दिवसातच खरी माहिती मिळते. भूक कशी लागते, पाठ कुठे धरते, कोणत्या बिब शॉर्ट्सची (खांद्यांवर पट्टे असलेल्या सायकलिंग चड्डीची) शिवण घासते, हे सगळं तेव्हाच कळतं. असा शेवटचा ब्लॉक शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी संपवा. त्यानंतर अंतर कमी करत न्या, पण आठवड्यातून दोनदा थोडी तीव्रता ठेवा.

हार्ट रेटवर चालवणाऱ्यांसाठी एक सूचना. दोन-तीन दिवसांच्या थकव्यानंतर तेवढ्याच मेहनतीला ठोके कमी दिसतात. आकडा खाली आहे म्हणजे पाय ताजे आहेत, असा अर्थ काढून जोर वाढवू नका. दम किती लागतोय आणि पाय काय सांगतायत, यावर जास्त विश्वास ठेवा. पॉवर मीटर (पायांची ताकद मोजणारं यंत्र) असेल तर तो ठोक्यांपेक्षा खरं बोलतो.

सायकल आणि बॅग

टायर नवे हवेत, पण कालच बसवलेले नकोत. आठवडा-दोन आठवडे आधी बदला आणि थोडे चालवून बघा. चेन, ब्रेक पॅड, क्लीट (बूट पेडलला अडकवणारा तुकडा) यांची झीज तपासा. जादा डिरेलर हँगर (मागचे गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा तुकडा) जवळ ठेवा. सायकल नुसती उजवीकडे पडली तरी तो वाकतो, आणि दुसऱ्या सायकलचा हँगर बहुधा बसत नाही. सपोर्ट गाडीत चाकं द्यायची सोय असेल तर चाकावर नंबर लिहा, आणि कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या) तुमच्या गिअरशी जुळते का, ॲक्सल (चाकाचा आस) त्याच प्रकारचा आहे का, हे आधी लावून बघा.

बिब शॉर्ट्स निदान तीन हव्यात. धुतलेली बिब रात्रीत वाळेलच असं नाही आणि ओली बिब घालून तीन तास बसणं म्हणजे फोडाला आमंत्रण. पावसात भिजलेल्या शूजमध्ये कागदाचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला, सकाळपर्यंत बरेच कोरडे होतात.

जर्सीवर नंबर लावायचं काम दुसऱ्याला सांगा आणि ते होईपर्यंत हँडलबारवर वाकल्यासारखे उभे राहा. सरळ उभं राहून लावलेला नंबर सायकलवर वाकताच फुगतो, मागे फडफडत राहतो आणि वाऱ्याला धरतो. चारच पिना नकोत, कडेने सहा-आठ लावा. प्रत्येक पिन कागदातून आत, कापडातून जाऊन पुन्हा कागदातून बाहेर आली पाहिजे. कोणत्या बाजूला लावायचा ते विचारून घ्या, कारण फिनिशचा कॅमेरा एकाच बाजूला असतो. नंबर दिसला नाही तर तुमचा निकालच लागत नाही. आणि खिशांची तोंडं पिनांनी शिवली गेली नाहीत ना, ते हात घालून बघा.

टाइम ट्रायल

स्टेज रेसमध्ये बहुधा एक तरी टाइम ट्रायल असते आणि नवख्यांचे सगळ्यात जास्त सेकंद इथेच जातात. स्पर्धक ३० सेकंद किंवा एका मिनिटाच्या अंतराने सुटतात. तुमची वेळ आली की घड्याळ सुरू होतं, तुम्ही हजर असा किंवा नसा. दहा मिनिटं आधी स्टार्टजवळ असा. आयोजकांच्या घड्याळाशी स्वतःचं घड्याळ लावून घ्या.

पहिली दोन-तीन मिनिटं फार सोपी वाटली पाहिजेत. सुटताना पाय ताजे, समोर मोकळा रस्ता आणि मागून कोणीतरी येतंय ही जाणीव, या तिन्हींमुळे हमखास जास्त जोर लागतो, आणि त्याची किंमत उरलेलं सगळं अंतर मोजावी लागते. वारा तोंडावर असताना आणि चढावर थोडा जास्त जोर लावा. वारा पाठीशी असताना आणि उतारावर थोडा कमी. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि लागणारी ताकद जवळपास घनाच्या प्रमाणात. म्हणून आधीच वेगात असताना लावलेला जादा जोर वेळ फारसा वाचवत नाही. संथ भागात लावलेला वाचवतो.

महागडी टीटी (टाइम ट्रायलची) सायकल नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. कोपर वाकवा, डोकं खाली घ्या, घट्ट कपडे घाला, एवढ्यानेही बराच फरक पडतो. मात्र हँडलबारवर नुसते पुढचे हात टेकवून चालवायची सवय असेल तर ती सोडा. रोड रेसमध्ये त्या पद्धतीवर आणि टॉप ट्यूबवर (फ्रेमच्या वरच्या आडव्या नळीवर) बसून उतरण्यावर आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने १ एप्रिल २०२१ पासून बंदी घातली आहे. मागच्याने गाठलं तर त्याचं चाक धरायचं नाही, म्हणजे त्याच्या मागे आडोशाला बसायचं नाही. त्याच संघटनेच्या नियमांत यासाठी २५ मीटरचं अंतर सांगितलं आहे.

बंचमध्ये राहणं

रोड स्टेजचं सगळं शास्त्र एकाच गोष्टीभोवती फिरतं. सपाट रस्त्यावर ४० किलोमीटरच्या वेगाला तुमची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. कोणाच्या मागे नीट बसलात तर त्यातली साधारण पाव ते एक तृतीयांश वाचते, मोठ्या बंचच्या पोटात आणखी जास्त. म्हणून बंच सोडून एकट्याने झुंजणं हा शौक उद्याच्या पायांवर पडतो.

बंचमधली उत्तम जागा पुढच्या एक तृतीयांशात, पण अगदी टोकाला नाही. शेपटीला वळणावर काय होतं बघा. पुढचे ३५ ने वळणात शिरतात आणि ३५ नेच बाहेर पडतात. मध्यावरचे थोडे दबकतात. शेवटचे ब्रेक मारून २० वर येतात, आणि तोपर्यंत पुढचे ४० वर गेलेले असतात. मग शेवटच्याला प्रत्येक वळणानंतर उभं राहून स्प्रिंट मारावी लागते. बंच रबरासारखा ताणला जातो आणि ताण सगळा शेपटीला बसतो. दोन तासांत अशी शंभर वळणं आली तर मागचा माणूस शर्यतीत काहीही न करता संपतो.

बंच कसा सुटतो हेही सांगतो, कारण तो एका झटक्यात सुटत नाही. समोरच्या चाकाशी असलेलं अंतर अर्ध्या मीटरचं एक मीटर होतं. तुम्हाला वाटतं, पुढे उतार आहे, तिथे भरून काढू. एकाचे दोन होतात आणि चेहऱ्यावर वारा जाणवू लागतो. हा वारा जाणवला त्या क्षणी, दम लागलेला असला तरी, पाच-सहा सेकंद पूर्ण जोर लावून चाक परत पकडायचं. दोन मीटर भरायला तेवढं पुरतं. वीस मीटर भरायला कधी कधी सगळी ताकद लागते आणि तरी भरत नाहीत. चूक तुमच्या पुढच्याची असेल, त्याचं चाक सुटत असेल, तरी तुम्ही ताबडतोब त्याला वळसा घालून पुढे जा. त्याच्यावर ओरडण्यात वेळ गेला की गट गेला.

सुरक्षिततेचं थोडक्यात: तुमचं पुढचं चाक समोरच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला, एकावर एक येईल असं नेऊ नका. तो जरा हलला तरी पडणार तुम्हीच. नजर समोरच्याच्या चाकावर खिळवू नका, त्याच्या खांद्यांपलीकडे दोन-तीन सायकली पुढे ठेवा. ब्रेक अचानक दाबू नका. पाणी प्यायचं ते सरळ, शांत रस्त्यावर आणि एक हात हँडलबारवर घट्ट ठेवून.

आडवा वारा आला की मात्र सगळं बदलतं. वारा उजवीकडून असेल तर आडोसा समोरच्याच्या मागे नाही, मागे आणि डावीकडे मिळतो. त्यामुळे रायडर रस्त्यावर तिरपी रांग धरतात. रस्त्याच्या रुंदीत मावतील तेवढेच त्या रांगेत बसतात, बाकीचे कडेला एकामागोमाग एक, पूर्ण वाऱ्यात. तिथे पाच मिनिटांत बंचचे तुकडे होतात. आदल्या रात्री नकाशा आणि वाऱ्याचा अंदाज शेजारी ठेवून बघा, रस्ता कुठे वळल्यावर वारा आडवा होणार. त्या वळणाच्या दोन किलोमीटर आधी पुढे जा. तरीही कडेच्या रांगेत सापडलात तर तिथेच मरत बसू नका. शेजारच्या चौघांना हाक मारा आणि दुसरी तिरपी रांग बांधा.

चढ, उतार आणि क्रिट

चढाच्या पायथ्याशी बंचच्या पुढच्या भागात पोहोचा आणि मग आपल्या गतीने चढताना हळूहळू मागे सरकू द्या. माथ्यावर बंचच्या शेवटी असलात तरी बंचमध्येच असता. हीच युक्ती वजनदार रायडरला डोंगराळ स्टेजमधून वाचवते. लाल रेषेपलीकडे, म्हणजे झेपेल त्याहून जास्त जोरात, गेलात तर परत येणं कठीण असतं. शेवटचा चढ सोडून बाकी कुठेही तिथे जाऊ नका. सुटलातच तर एकटे धडपडू नका, मागून येणाऱ्या गटाची वाट बघा. पाच जण आळीपाळीने ओढत गेले तर टाइम कट सहज निभावतो.

उतारावर वेग वळणाआधी कमी करा, वळणात नाही. उतारावर जिंकलेले पाच सेकंद आणि पडून संपलेली शर्यत, यांचा हिशेब कधीच बसत नाही.

क्रिटला (छोट्या मार्गावर फेऱ्या मारायच्या स्टेजला) वॉर्म-अप चांगला करा, पहिल्या लॅपपासून वेग असतो. पहिल्या रांगांत उभं राहायचं असेल तर लवकर जाऊन जागा घ्या. पंक्चर किंवा पडण्यासाठी फ्री लॅप (एका फेरीची सूट) मिळतो का, पिट (दुरुस्तीची जागा) कुठे आहे आणि शेवटच्या किती लॅपमध्ये तो बंद होतो, हे आधी विचारून ठेवा. सैल क्लीट किंवा निघालेली चेन यांसाठी बहुधा तो मिळत नाही.

खाणं

तासाला ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट हे धरून चालायचं माप आहे. पोटाला सवय असेल आणि ग्लुकोजसोबत फ्रुक्टोजचं मिश्रण असेल तर ९० पर्यंत जाता येतं. मध्यम आकाराच्या एका केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात, म्हणजे केळ्यांवर अडीच तास काढायचे तर सहा लागतील. अर्थातच ते जमत नाही, म्हणून निम्मं बाटलीतून घ्या. पहिला घास सुरुवातीच्या २०-३० मिनिटांतच. भूक लागल्यावर खाल्लेलं त्या स्टेजला फारसं कामी येत नाही. एका दिवसाच्या शर्यतीत कमी खाऊन निभावतं, स्टेज रेसमध्ये मात्र आज न खाल्लेलं उद्या वसूल होतं. नवं जेल, नवं पेय शर्यतीत पहिल्यांदा वापरायचं नाही.

रेषा ओलांडल्यापासून पुढची स्टेज सुरू

मला नवख्यांना एकच गोष्ट सांगायची मुभा असती तर मी हा भाग निवडला असता. फिनिशनंतर बहुतेक जण तासभर उन्हात उभे राहून शर्यत पुन्हा पुन्हा सांगत बसतात. तो तास पुढच्या दिवसाचा असतो.

दहा मिनिटं हलक्या गिअरवर पाय फिरवा. मग लगेच बिब शॉर्ट्स काढा, अंग धुवा, कोरडे सैल कपडे घाला. ओल्या बिबमध्ये बसून गप्पा मारणं हे फोडाचं एक मोठं कारण आहे. पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात खाणं सुरू करा. वजनाच्या दर किलोमागे तासाला १ ते १.२ ग्रॅम कार्बोहायड्रेट, पहिले तीन-चार तास. ६० किलोच्या माणसाला ते ६० ते ७२ ग्रॅम होतात. सोबत २०-२५ ग्रॅम प्रथिनं. स्नायूंमधला ग्लायकोजनचा (साठवलेल्या कार्बोहायड्रेटचा) साठा पूर्ण भरायला साधारण २४ तास लागतात आणि पुढची स्टेज बहुधा त्याआधीच असते, म्हणून इथे दिरंगाई परवडत नाही. स्टेजच्या आधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं तर पुढच्या काही तासांत थोडं मीठ असलेलं सव्वा ते दीड लिटर पाणी प्या, एकदम नाही, थोडं थोडं.

दुपारी सायकल पुसा आणि टायर बोटांनी चाचपा. अडकलेला काचेचा तुकडा आज काढला नाही तर तो उद्या आत शिरतो. चेनला तेल द्या, पिना-नंबर जागेवर ठेवा. संध्याकाळी निकाल नीट वाचा. तुमच्या आगेमागे ३० सेकंदांत कोण आहेत, त्यांचे नंबर चिकटपट्टीवर लिहून स्टेमवर (हँडलबार धरणाऱ्या नळीवर) लावा. उद्या ब्रेकअवे (बंचपासून निसटलेला छोटा गट) गेला की त्यात कोण आहे हे बघून ठरवता येतं, पाठलाग करायचा की बाकीच्यांना करू द्यायचा. निकालात चूक असेल तर तक्रारीची मुदत थोडीच असते, तेव्हाच जा. मग झोपा. पहिल्या-दुसऱ्या रात्री झोप नीट लागत नाही, अंगात शर्यत असते. त्याची काळजी करत जागू नका, आडवं पडून राहण्यानेही पायांना आराम मिळतो.

पडलात किंवा आजारी पडलात तर

खरचटलेली कातडी साबण-पाण्याने स्वच्छ धुवा, खडीचे कण राहू देऊ नका आणि ओलावा धरणारं ड्रेसिंग लावा. उघडी जखम सुकून ताणते आणि रात्री चादरीला चिकटते. डोक्याला मार लागला, गरगरलं, मळमळलं, काय झालं ते आठवत नसलं, तर शर्यत तिथेच संपली. डॉक्टरांना दाखवा आणि हेल्मेट बदला, वरून ठीक दिसत असलं तरी. ताप असताना स्टार्ट करू नका. नुसते पाय जड असतील तर मात्र सोडू नका. सकाळी जिने उतरता येत नाहीत असे पाय वीस मिनिटांच्या वॉर्म-अपनंतर पुष्कळदा बरे चालतात.

शेवटची स्टेज

आता राखून ठेवायचं काही नसतं. पण सगळ्यांचंच तसं असतं, म्हणून शेवटच्या दिवशी पहिल्या तासात अटॅकचा पाऊस पडतो आणि तेच लोक पुढे थकतात. वर्गवारीत तुमच्या मागे १० सेकंदांवर कोणी असेल तर दिवसभर त्याच्याच चाकावर राहा, बाकी शर्यत जाऊ दे. तुम्ही वर्गवारीत खूप मागे असाल तर तुमचा अटॅक कोणी मनावर घेत नाही, आणि हीच तुमची संधी. वेग मंदावलेला असताना, चढाच्या माथ्यावर किंवा एखादा ब्रेकअवे नुकताच पकडला गेल्यावर निघा. त्या क्षणी पाठलाग करणारे दमलेले असतात आणि पुढची जबाबदारी कोणाची हे ठरायला त्यांना अर्धा मिनिट लागतो. निघालात की पहिली दोन मिनिटं मागे बघू नका. त्यानंतर बघा. सोबत दोघं-तिघं आले असतील तर प्रत्येकाला २०-२५ सेकंदांची पाळी द्या. एकटेच असाल आणि बंच अंतर कमी करत असेल तर वेळीच थांबा, परत आत शिरा, श्वास जमवा आणि दुसऱ्यांदा निघा.